सोयाबीनच्या थप्प्यांत झालेला अल्बम

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आमच्या घरात पहिला ड्रम वाजला. वेळ पक्की सांगते, कारण तेव्हा मी गौरीला, म्हणजे माझ्या दीड वर्षाच्या लेकीला, खोकल्याचं औषध पाजत होते आणि पुढचं कधी द्यायचं म्हणून घड्याळाकडं बघत होते. धडाम! लेकीच्या तोंडात जायचं ते औषध माझ्या पदरावर!

तेव्हापासून जे किस्से साचत गेले, त्यांचं आमच्या गोदामासारखं आहे. गोदाम कितीही झाडा, कोपऱ्यातून चार दाणे निघतातच. एक किस्सा सांगायला बसावं तर त्याच्या खालून दुसरा निघतो. पाहुणे आले की चहा व्हायच्या आत म्हणतात, "ते सोयाबीनचं सांगा की!" म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आधी माणसं सांगते. आमचं लातूरला आडत दुकान आहे. शेतकरी माल आणतात, सासरे तो व्यापाऱ्यांना विकून देतात. खाली दुकान, वर घर, मागं गोदाम. सासऱ्यांना मी मामा म्हणते. माझे मिस्टर महेश. ह्यांना मामांनी इंजिनिअर व्हायला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात पाठवलं होतं. तिथं हे ड्रम शिकले. इंजिनिअरिंग राहिलं!

तिथंच ह्यांना दोघं भेटले. एक अनिकेत, लातूरचाच, मास्तरांचा मुलगा. तो गाणी लिहितो, म्हणतो आणि गिटार वाजवतो. दुसरा लकीसिंग, नांदेडचा सरदार. तो बेस वाजवतो. बेस म्हणजे जाड तारांची गिटार, कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येते. तिघांचा मिळून रॉक बँड. नाव 'अर्धं शटर', कारण पहिली प्रॅक्टिस नांदेडला एका रिकाम्या दुकानात व्हायची. शटर पूर्ण ओढलं तर जीव गुदमरायचा आणि पूर्ण उघडलं तर लोक भांडायला यायचे.

*

तर त्या सकाळी ड्रम वाजला तेव्हा मामा लिंगपूजेला बसले होते. कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग. त्यांनी डोळे उघडले, परत मिटले, पूजा पुरी केली आणि मगच जिना उतरून गोदामात गेले. मी गौरीला काखेत मारून मागं मागं.

"ह्ये काय हाय?"

"ड्रम हाय, अप्पा," हे म्हणाले. "अल्बम करायचाय. आठ गाणी. हितंच रेकॉर्डिंग करतो."

"आन् दुकान?"

हे वाकून ड्रमचा स्क्रू आवळायला लागले. ह्यांचं असंच. ड्रमवर बसले की दोन हातांचे चार होतात आणि मामांपुढं एक तोंड उघडत नाही!

आता माझं सांगते. मी लई भिते. लेकरू शिंकलं की मी थर्मामीटर शोधते. बोर खाल्लं की बी गिळली का म्हणून तोंडात बोट घालते. पण लग्न झाल्यापासून मी एक गोष्ट बघत होते. दुकानाच्या गादीवर बसून आलेले हे जिना चढतात तेव्हा पायाचा आवाजसुद्धा येत नाही. आणि प्रॅक्टिस करून आले की शीळ घालत चढतात. मला शीळवाला नवरा पाहिजे होता.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामा, दिवाळीपर्यंत द्या. तवर अल्बम होईल. मंग पाडव्याला तुम्ही म्हणाल ते. तुम्ही न्हाई म्हणालात तर ड्रम मी सोता माळ्यावर चढवते. ह्ये परत त्याचं नाव काढणार न्हाईत."

मामांनी मला खालून वर बघितलं. "तू चढवशील? स्टुलावर चढून पोह्याचा डबा काढायचं तुला भ्या वाटतंय."

"चढवीन."

"बरं," मामा म्हणाले.

मामांचं 'बरं' म्हणजे हो पण नसतं आणि नाही पण नसतं. तेवढ्यावर अल्बम सुरू झाला!

*

गोदामात आवाज घुमायला लागला. एक ठोका मारला की चार परत यायचे. अनिकेतनं मोबाईलवर पुण्यामुंबईचे स्टुडिओ बघितलेले. म्हणाला, "भिंतींना फोम लावावा लागंल."

लकीसिंगनं चारी बाजूला नजर फिरवली. "अरे, फोम कायको? ये इत्ता क्या पडा है?"

सोयाबीनची पोती!

हमालांनी दुपारपर्यंत चारी बाजूंनी छातीच्या वर थप्प्या लावल्या. मधी ड्रम, गिटारी, कॉम्प्युटर. आवाज असा बसला की टाळी वाजवली तर जिथल्या तिथं मरायची. अनिकेत म्हणाला, "वैनी, असला स्टुडिओ महाराष्ट्रात नाही!" ते खरंच असावं.

तीन गाणी झाली. चौथं अर्ध्यावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांनी दार उघडलं तर एका बाजूची अर्धी भिंतच नाही! निम्मी थप्पी गायब!

अनिकेत पळत दुकानात आला. "मामा, भिंत गेली!"

मामा मोबाईलवरून वर न बघता म्हणाले, "भाव आला."

"अहो, पण आमचं अर्धं गाणं राहिलंय!"

"मंग अर्धी भिंत ठिवलीय की."

त्या दिवसापासून तिघं सकाळी आले की गिटार लावायच्या आधी भाव विचारायचे. सगळ्या लातुरात सोयाबीनचा भाव पडू दे म्हणून देवाला हात जोडणारी हीच तीन माणसं असतील. एकदा अनिकेत जोरातच म्हणाला, "आज पडला, बरं झालं!"

लकीसिंगनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल बे! भाईर शेतकरी बसलेत. चपला काढतील!"

*

आता हमालांचं. गोदामाच्या दारात ट्रक लागतो आणि हमाल पाठीवर पोती घेऊन आत-बाहेर करतात. त्यांची एक चाल असते. आत ह्यांचा ड्रम सुरू झाला की ती चाल बदलायची. गाणं संथ असलं की हमाल संथ. गाणं पळायला लागलं की हमाल पळायला लागायचे! त्यांना ते कळत पण नव्हतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? मामांच्या!

एक दिवस हे एक संथ गाणं बसवत होते. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर घाई करायला लागलेला. मामा गोदामाच्या दारात आले. ह्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

मामा म्हणाले, "ह्ये कामाचं न्हाई. ते कालचं जलद घे. एवढा ट्रक भरू दे."

त्या जलद गाण्याचं नाव अल्बममध्ये 'हमाली' आहे. अल्बमचं पण तेच ठेवलं.

*

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, लई मायाळू. अनिकेतची गाणी मात्र लई दुःखाची. एक गाणं असं, की माणूस एकटा, रस्ता एकटा, अंधार एकटा, आणि शेवटी तो जोरात ओरडतो. ओरडणं जमेना म्हणून सकाळपासून नुसतं तेवढंच चाललेलं.

आत्याबाई धपाट्याचं पीठ मळता मळता थांबल्या. "अगं, त्या लेकराच्या घरी कोण वारलं का?"

"न्हाई ओ आत्याबाई, गाणं हाय ते."

त्यांना पटलं नाही. धपाटे आणि दही घेऊन खाली गेल्या. अनिकेतच्या डोक्यावरून हात फिरवला. "खा बाळा. जाणाराच्या मागं कुणाला जाता येत न्हाई."

अनिकेतनं मान खाली घालून चार धपाटे खाल्ले. परत माइकपुढं गेला तर आवाज निघेना! पोट भरलेलं, मन शांत झालेलं, ओरडणार कसं?

मग नियमच झाला. दुःखाचं गाणं असलं की लकीसिंग वर येऊन सांगून जायचा, "आत्याबाई, आज अनिकेतला उपाशी ठिवा. त्याच्या वाटचं मी खातो!"

*

गौरीच्या कानाची मला लई धास्ती. एवढा आवाज, लेकराच्या कानाला काही झालं तर? भर उन्हाळ्यात मी तिला लोकरीची कानटोपी घालायचे. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, कान चांगले आहेत म्हणाले, फक्त गोदामात नेऊ नका. वर, घरात, दार लावून ठेवा. आणि ती टोपी काढा, घामोळ्या आल्यात!

मी दारं-खिडक्या लावून वर बसायचे. मजा अशी झाली की खालून बारीक धडधड आली की गौरी झोपायची. आणि धडधड थांबली की जागी होऊन रडायची! सगळ्यांची लेकरं आवाजानं उठतात, आमची शांततेनं उठायची.

एका गाण्याचा शेवट एकदम शांत होता. सगळी वाद्यं थांबतात आणि अनिकेत एकटा एक ओळ म्हणतो. वाद्यं थांबली. वरून गौरीनं जो गळा काढला! जिन्यातून, थप्प्यांवरून, थेट माइकमध्ये!

पाच वेळा केलं, पाच वेळा तेच. अनिकेत चिडला. "एवढी चांगली ओळ लागली होती, पोरीनं बेसूर केली!"

लकीसिंगनं हेडफोन लावून परत ऐकलं. मग शांतपणे काढला. "भाई, बुरा मत मान. सुरात तीच हाय."

अल्बममध्ये ते रडणं तसंच आहे. मी ऐकते तेव्हा अजून उठून पाळण्याकडं जाते.

*

गणपती झाल्यावर अल्बम मोबाईलवर आला. पहिला फोन मी उमरीला, माझ्या आईला केला. भावानं तिला लावून दिला. थोड्या वेळानं आईचा फोन.

"अगं, म्हणणारा पोरगा चांगला हाय. पर जावई कुठायत?"

"ते म्हणत न्हाईत आई. ते धडाम-धडाम करतात ना, ते आहेत."

"ते व्हय!" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तर गल्लीतल्या पाच-सहा बायका आमच्या ओट्यावर बसलेल्या. मधी मोबाईल. आई एका हातानं वाती वळत होती आणि दुसऱ्या हातानं दाखवत होती.

"हे जावई... हे बी जावई... आता थांबा... हे बघा, हे लई मोठे जावई!"

*

एक दिवस पुण्याहून एका माणसाचा फोन आला. तो स्वतः रेकॉर्डिंग करतो. बोलायला लई नम्र. हे गौरीला भरवत होते म्हणून फोन स्पीकरवर होता.

"सर, तुमच्या ड्रमचा आवाज फार वेगळा आहे. खोलीला काय वापरलंय?"

"सोयाबीन," हे म्हणाले.

तिकडं तो लिहून घ्यायला लागला. "नवीन आहे का? ऐकलं नाही कधी. कुठलं व्हर्जन?"

"मागच्या सालचं," ह्यांनी गौरीला घास देत सांगितलं. "नवं आजून वल्लं हाय."

*

सगळ्यांचे फोन आले. उदगीरहून ह्यांच्या आत्याचा आला, कॉलेजच्या पोरांचे आले. नांदेडला एका गॅदरिंगला बोलावलं, तिथं पोरांनी 'हमाली' तीनदा वाजवायला लावलं. हमाल तर ट्रक भरताना स्वतःच लावतात. फक्त एक माणूस काही बोलत नव्हता. मामा!

दिवाळी जवळ आली. मी करंज्या लाटायचे आणि कान खाली दुकानाकडं ठेवायचे. मामांनी ऐकलं का? कुणाकडं काही म्हणाले का? आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाला चाळीस वर्षं व्हत आली. त्यांना माझी भाजी आवडती का, ते आजून कळलं न्हाई."

मग एक दिवस मामा जीप करून शिरूर अनंतपाळला एका जुन्या शेतकऱ्याकडं जाऊन आले. जीप दारात लागली, पण उतरेनात. इंजिन चालू, काचा बंद, मामा आत. मला वाटलं, चक्कर आली का काय! पाण्याचा तांब्या घेऊन पळत गेले. तेवढ्यात दार उघडलं, मामा उतरले आणि काही न बोलता आत गेले.

मी ड्रायव्हरला विचारलं, "काय झालं ओ? बरं न्हाई का त्यांना?"

तो म्हणाला, "बरं हाय की. ते लेकराच्या रडायचं गाणं चालू व्हतं. मी बंद करायलो तर मालकानं हातावर फटका मारला!"

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "फटका मारला ना? मंग आवडलं न्हाई." काय बोलावं ह्या माणसाला!

*

आणि मग पाडवा.

पाडव्याला सकाळी बाजारात मुहूर्ताचा सौदा असतो. दुकानापुढं रांगोळी, झेंडूच्या माळा. शेजारचे आडते, व्यापारी, हमाल, सगळे नवे कपडे घालून जमलेले. अनिकेत आणि लकीसिंग पण आले होते, दोघं भिंतीला टेकून, शाळेत निकालाला उभं राहावं तसे. मी ह्यांना ओवाळायचं ताट घेऊन आतल्या दारात. गौरी कडेवर. मी शब्द दिला होता, म्हणून माळा आदल्या दिवशीच झाडून ठेवला होता आणि शिडी लावून ठेवली होती. तिच्या पायऱ्या मी रात्रीतून चारदा मोजल्या होत्या.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "महेश, हात आण."

जुन्या काळी बाजारात भाव तोंडानं बोलायचे नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घ्यायचे आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आता आमच्या बाजारात बोली उघड होते. ती पद्धत राहिली ती बैलांच्या बाजारात. पण मामा त्या जुन्यांतले.

सगळे बघायला लागले. सौदा करायचा तर माल कुठाय? पुढं एक पोतं नाही!

मामांनी ह्यांचा हात धरला आणि वरून टॉवेल टाकला.

टॉवेल हलला. ह्यांनी मान हलवली. नाही.

टॉवेल परत हलला. परत नाही! मी मनात म्हटलं, अगं माय, हा माणूस बापाला नाही म्हणायलाय! जन्मात पहिल्यांदा!

तिसऱ्यांदा टॉवेल लई वेळ हलला. हे मामांच्या डोळ्यांत बघत होते, मामा ह्यांच्या. मग ह्यांनी टॉवेलाखाली काहीतरी दाबलं आणि मामांच्या मिशा थोड्या वर गेल्या.

मामांनी टॉवेल ओढला. "सौदा झाला!"

शेजारच्या आडत्यांना राहवेना. "मालक, कशाचा? काय भावानं?"

"रुमालातलं रुमालात," मामा म्हणाले.

मी ह्यांना चहा देऊन विचारलं. भांडून विचारलं. गौरीची आण घालून विचारलं. हे बोटं उघडतात, मिटतात आणि शीळ घालतात. अजून सांगितलेलं नाही.

त्या वेळी मामा मात्र टॉवेल झटकून गादीवर बसले आणि माझ्याकडं वळले. "ती शिडी काढ तिथनं, लेकरू चढंल. आन् समद्यांना सांग, उद्यापास्नं धा ते एक महेश गोदामात ड्रमच्या कामावर हाय. त्या टायमाला त्याला कुणी हाक मारायची न्हाई."

म्हणून सांगायले. तुम्ही पण पुढं सांगा.